ईस्टरआधीचा शनिवार

आमचं घर म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या. पुढे दवाखाना, मधे एक भिंत, मागे आम्ही. पलीकडे लेकरू रडलं की त्याला सुई टोचली की नुसतं कडू औषध पाजलं, हे आम्हाला रडण्यावरून कळायचं. आई तिथे नर्स होती. आठवड्यातून एकदा जिल्ह्याच्या गावाहून डॉक्टर यायचे. तो दिवस सोडला तर डॉक्टरही तीच, कंपाउंडरही तीच आणि झाडलोट करणारीही बरेचदा तीच. सुया उकळायचं भांडं आणि भाताचा गंज एकाच चुलीच्या दोन तोंडांवर असायचे, त्यामुळे आजही कुठे स्पिरिटचा वास आला की मला भूक लागते. नातवंडं हसतात. हसू देत. माझ्या लहानपणाचा वास तोच आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर त्यात मिसळणारा मोहफुलांचा गोड, जड वास.

बाबा शाळेत मास्तर होते. ते कमी बोलायचे आणि संध्याकाळी मोठ्यांदा वाचायचे. वर्तमानपत्र असो, पवित्र शास्त्र असो की खताच्या पोत्यावरची सूचना असो, आवाज एकच. गाव चामोर्शीपासून एस.टी.नं तासाभराच्या वाटेवर. आता त्या रस्त्यानं सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचे ट्रक दिवसभर धावतात. तेव्हा दिवसाला दोन गाड्या यायच्या आणि गाडीचा हॉर्न ऐकून आई घड्याळ लावायची. गावात ख्रिस्ती घरं सहा. बाकी धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती, एक बौद्ध मोहल्ला आणि नाल्यापलीकडे गोंडांचा टोला. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. ते कौलारू होतं, जमीन शेणानं सारवलेली, आणि समोरच्या आंब्याच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. लोखंडी सळईनं तो हाणला की झाली घंटा. नाल्यापलीकडेही ऐकू जायची.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्या घरात मटण-मासळी शिजत नसे. आई लाखोळीच्या डाळीचं वरण करायची, अंबाडीची भाजी, कधी नुसता भात आणि चिंचेचं सार. दुपारी आंबील. आम्हा भावंडांची तक्रार चालू असायची आणि बाबा म्हणायचे, "अजून बारा दिवस," "अजून अकरा दिवस." मला वाटतं, ईस्टर म्हणजे काय हे मला सगळ्यात आधी पोटानं कळलं. त्या दिवशी कोंबडी शिजायची.

रविवारची शाळा मार्थाबाई चालवायच्या. त्यांनी माझ्या बाबांनाही शिकवलेलं, त्यामुळे भर रस्त्यात त्या बाबांना "ए शमुवेल" अशी हाक मारायच्या आणि मास्तर असलेले माझे बाबा उभ्या जागी शर्टाची बटणं चाचपायचे. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले त्या वर्षी मार्थाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांची लेक त्यांना ऑपरेशनसाठी बल्लारपूरला घेऊन निघाली. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझा हात धरला. "रूथ, पोट्ट्यायले ईस्टर समजावून सांग. नुसतं पाठ नोको करून घेऊ. समजलं पायजे." मी "हाव" म्हटलं, म्हणजे हो. त्यात समजावण्यासारखं काय आहे, असंच मला वाटलं होतं. सोळा वर्षांची होते. परीक्षेचे पेपर चांगले गेले होते. मला सगळंच येत होतं.

वर्गात नऊ लेकरं होती. ख्रिस्ती घरांतली पाच आणि बाकी शेजारपाजारची, जी गाण्यांसाठी आणि नंतर मिळणाऱ्या गूळ-फुटाण्यांसाठी यायची. मी जुन्या कॅलेंडरांमधून माणसं कापली, त्यांना पाठीमागून भाताची खळ लावली आणि घोंगडीवर चिकटवत गोष्ट सांगायला लागले. पहिल्या रविवारी मी पुस्तकी भाषेत सांगितलं, तर लेकरं खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या रविवारी मी आपल्या बोलीवर आले. "शुक्रवारी त्याले मारलं. सांजेले कबरीत ठेवलं. कबर म्हंजे खडकात खोदलेली खोलीच, अन् तिच्या तोंडावर हा एवढा मोठा धोंडा लोटला. मंग रविवारी पायटंच बाया निंगाल्या." पायटं म्हणजे अगदी भल्या पहाटे, आमच्या बाया त्या वेळेला मोहफुलं वेचायला निघतात. बस, त्या एका शब्दानं लेकरं सरळ बसली. टोपले घेतले होते का? संगं कोण होतं? तिकडं वाघ होता का? मी म्हटलं, वाघ नव्हता, पण कबरीवर शिपाई होते. त्यावर बौद्ध मोहल्ल्यातली एक पोरगी गंभीरपणे म्हणाली, "मंग तर वाघापेक्षा बेक्कार."

मी त्या बायांची नावं सांगितली. मरिया मग्दालिया, याकोबाची आई मरिया आणि सलोमी. तेव्हा पुढच्या ओळीतून सलू उठून उभी राहिली. तिचं खरं नाव सलोमी होतं. वय सात. "माह्या नावाची बाई गेली होती?"

"हाव. तुह्याच नावाची."

"काय घेऊन गेली होती?"

"सुगंधी तेल. अंगाले लावाले."

ती खाली बसली, पण त्यानंतर तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. शिकवणाऱ्याला असे डोळे भेटले की तो फुगतो. मी फुगले.

सलूबद्दल इथे सांगायला हवं. दाऊदभाऊंची ती एकुलती एक मुलगी. दाऊदभाऊ ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. शनिवारच्या गाडीनं यायचे, रविवारी परत जायचे; एरवी घरी सलू आणि तिची आजी. सलूची आई शांताबाई चार महिन्यांपूर्वी, धानाच्या मळणीच्या दिवसांत वारली होती. ताप आला आणि तो डोक्यात गेला. आमच्या भागात मलेरियाचं हे रूप सगळ्यांना ठाऊक आहे. आईनं जीप मिळवून तिला गडचिरोलीला न्यायला काढलं, स्वतः तिच्या उशाशी बसली, पण वाटेतच शांताबाई गेली. ताप चढला तेव्हाच सलूला चामोर्शीला मावशीकडे पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी आणलं तोपर्यंत माती होऊन गेली होती, वरचे दगडही लागले होते. तिला "माय देवाकडं गेली" एवढंच सांगितलं गेलं. मग त्या घरात शांताबाईचं नाव कोणी काढेना. आमच्या घरातही काढेना. आई दवाखान्यात जायची, यायची, पण दाऊदभाऊंच्या गल्लीतून जायचं तिनं सोडलं होतं. मला ते दिसत होतं, त्याचा अर्थ लावायचं मात्र सुचलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी धोंडा बाजूला लोटला. म्हणजे घोंगडीवरचा कागदी गोल सरकवला आणि म्हटलं, "कबर खाली! येशू उठला!" लेकरांनी टाळ्या पिटल्या. दोघांची कागदी देवदूतावरून ओढाताण सुरू झाली, मी ती सोडवायला धावले, तेवढ्यात सलूनं माझी ओढणी ओढली.

"रूथबाई, माही माय बी उठन का?"

"हाव, उठन ना. जो विश्वास ठेवते, तो उठते."

"कवा?"

देवदूताचा एक पंख फाटला होता. मी तो हातात धरून, मागे वळून, मोठ्या उत्साहात म्हटलं, "ईस्टर म्हंजे तोच तर दिवस, सलू!"

मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि कागदावर मांडून पाहिलं तर आजही त्या वाक्यात चूक काढता येणार नाही. पण मी ते एका सात वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं. तिनं ईस्टर कधी आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहून ठेवलं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना असायची. पत्र्यासारखं ऊन, आत घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास, मोठी माणसं डोळे मिटलेली. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, चंद्रपूरहून आले होते; ते महिन्यातून एकदा यायचे आणि ईस्टरला तीन दिवस राहायचे. वधस्तंभाची गोष्ट वाचताना दरवर्षी दोन-तीन बाया रडायच्या. त्या वर्षी सलू त्या बायांकडे नवलानं बघत होती. बाहेर पडताना ती माझ्याजवळ आली, तिनं बोटं उघडली आणि म्हणाली, "उद्या शनिवार. मंग परवा." मला वाटलं, ईस्टरला वाटतात त्या रंगीत अंड्यांची हिला घाई झाली आहे.

अंडी आई रंगवायची. शनिवारी सकाळी आम्ही नाल्याकाठून पळसाची फुलं टोपलीभर आणली. आई ती पाण्यात उकळायची आणि त्यात अंडी सोडायची, पिवळी-केशरी निघायची. काही अंड्यांना कांद्याच्या सालीत उकळून तांबूस करायची. दुपारपर्यंत तिचे हात मनगटापर्यंत केशरी झालेले असत आणि पेशंट विचारत, "सिस्टरबाई, हळद लागली का?" त्या दिवशी सलू मागच्या दारानं आली आणि औषधाची रिकामी बाटली मागितली. झाकणवाली. आईनं तिच्याकडे न बघताच फडताळातून काढून दिली. ती गेली.

दोनची गाडी आली. थोड्या वेळानं दाऊदभाऊ आमच्या अंगणात उभे. खांद्यावर प्रवासाची पिशवी तशीच. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"रूथ, माह्या पोरीले तू काय सांगतलं?"

मी अंडी पुसत होते. "काय सांगतलं, दाऊदभाऊ?"

"घरी येऊन पायतो तर दोरीवर शांताचं लुगडं वाळत घातलं. निळं. पेटीतून काढून धुतलं तिनं. माह्या मायले म्हनते, भात दोन मुठी जास्ती टाक, उद्या माय येनार हाये. सगळ्या गल्लीत सांगून आली. मी म्हटलं, कोनं सांगतलं? तर म्हने, रूथबाईनं." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "चार मयने आमी तिच्यासमोर नाव नाई घेतलं. अन् तू सांगतलं का परत येते म्हनून?"

आई चुलीपाशी उठून उभी राहिली होती. दाऊदभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, तिनं खाली पाहिलं.

"सलू कुठी हाये?" मी विचारलं.

"घरी नाई. मी तिलेच पाहून राह्यलो."

"आई, तू चल ना माह्यासंगं."

"नाई," आई म्हणाली. "तू सांगतलं ना? मंग तूच जा, अन् तूच सांग."

ती कठोर नव्हती. आयुष्यात तिनं मला कधी एकटं सोडलं नव्हतं. म्हणून ते "नाई" मला फार लागलं. दाऊदभाऊ टोल्याच्या बाजूनं बघायला गेले. मला मात्र ती बाटली आठवली, गोष्टीतलं सुगंधी तेल आठवलं आणि मी कबरस्तानाच्या वाटेला लागले.

कबरस्तान गावापासून मोहाच्या झाडांपलीकडे होतं, काट्याच्या कुंपणात. त्याच आठवड्यात नाल्याच्या रेतीत वाघाचे पंजे दिसले होते. बाया फुलं वेचायला घोळक्यानं जात होत्या, एक जण डबा वाजवत पुढे. भर दुपारी तिथे कोणीच नव्हतं. वाळलेल्या पानांवर माझ्याच पावलांचा एवढा आवाज होत होता की मी दोनदा थांबून मागे पाहिलं. कुंपणाचं फाटक उघडं होतं.

आमच्याकडे कबरीवर दगड रचतात, लाल मुरमाडी दगड, जनावरांनी उकरू नये म्हणून. सलू शांताबाईच्या कबरीपाशी उकिडवी बसली होती. फ्रॉक घामानं पाठीला चिकटलेला. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून ती बाजूला नेऊन ठेवत होती. अर्धी कबर मोकळी झाली होती. मोठे दगड तिनं लोटत नेले होते, जमिनीवर त्यांच्या रेघा उमटल्या होत्या. बाजूला झाडाच्या सावलीत तेलाची बाटली उभी करून ठेवलेली.

"सलू, काय करून राह्यली?"

"धोंडा काढून राह्यली." तिला दम लागला होता. "एकच नाई ना इथी. लय हायेत. देवदूत उद्या येईन, पन त्याले एकट्याले नाई जमलं तर?"

मी तिच्यासमोर मातीत बसले. तिची बोटं सोललेली होती. मी ती हातात घेतली, तिनं ओढून घेतली आणि पुढच्या दगडाला हात घातला. येताना वाटेत मी बरीच वाक्यं जुळवली होती. देव, आत्मा, शेवटचा दिवस, स्वर्ग. त्यांतलं एकही तिथे बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

"सलू, तुही माय उद्या येनार नाई."

ती थांबली नाही. "तू सांगतलं का येते."

"मी चुकीचं सांगतलं."

आता ती थांबली. "येशू उठला ते बी चुकीचं सांगतलं?"

"नाई. ते खरं हाये."

"मंग माय काऊन नाई उठत?"

"उठन. सगळे उठतीन, असं आपन मानतो. पन कवा, ते कोनालेच मालूम नाई. उद्या नाई. मले घाई झाली होती, म्हनून मी तसं बोलली. माही चूक झाली, सलू."

तिनं हात दगडावरून काढला. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "ती इथीच हाये का पन?"

"हाव."

"खरंच इथीच? का हे बी तसंच?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला कळलं की मलाही पक्कं ठाऊक नाही. मी माती द्यायला आले नव्हते. परीक्षेचा अभ्यास होता. तेवढ्यात कुंपणापाशी खोकल्याचा आवाज झाला. दाऊदभाऊ उभे होते. ते कधी आले, किती ऐकलं, मला माहीत नाही. ते आत आले, विस्कटलेले दगड बघितले आणि मला वाटलं आता मारतील, तिला नाहीतर मला. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या आणि कबरीच्या पलीकडच्या बाजूला मांडी घालून बसले.

"इथीच हाये," ते सलूला म्हणाले. "मी ठेवलं तिले. ह्या हातानं."

"डोकं कोनीकडं?"

त्यांनी पश्चिमेकडं दाखवलं. "तोंड उगवतीकडं."

"कोनतं लुगडं नेसली होती?"

"लग्नातलं. पिवळं."

"मले नाई बलावलं."

दाऊदभाऊंचं तोंड वाकडं झालं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते झाकून घेतलं. सलू उठली, दगडांमधून वाट काढत त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर बसली. मग ती रडली. मी उठून झाडापाशी गेले. ते दोघं बराच वेळ बोलत होते. ऊन कलल्यावर आम्ही तिघांनी मिळून दगड परत रचले. लहान दगड सलूनं लावले. शेवटी तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि तेल कबरीवर ओतलं, उशाकडून पायांपर्यंत, सावकाश, कुठे सुटू नये असं बघत. खोबरेल होतं. तिनं त्यात जाईची दोन फुलं टाकली होती.

नंतर कितीतरी वर्षं मी रविवारची शाळा चालवत आले आहे. दर ईस्टरला एखादं लेकरू विचारतंच, कोणाचा आजा, कोणाचा भाऊ, एकदा तर एकीचा बैल. मी सगळं काम बाजूला ठेवते, त्याच्यासमोर बसते आणि "कधी" या प्रश्नाला "मला माहीत नाही" असं उत्तर देते. ते उत्तर लेकरांना पुरत नाही. मलाही पुरत नाही. तरी त्याच्यावर आम्ही दोघं शेजारी बसू शकतो, एवढं मला कळलं आहे.

दुसऱ्या दिवशी अंधार फिटता फिटता रूळ वाजला. ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानातच होते. सगळे मेणबत्त्या घेऊन, गात, मोहाच्या झाडांखालून चालत गेलो. फुलं टपटप पडत होती आणि पायांखाली येत होती. मी लेकरांना एक उत्तर पाठ करून दिलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "मुलांनो, ईस्टर म्हणजे काय?" आठ लेकरं एका सुरात ओरडली, "मरणावर विजय!" सलू गप्प होती. पाळकसाहेब भले गृहस्थ होते. त्यांना वाटलं, ही विसरली. ते वाकून म्हणाले, "सलोमी, तुला नाही येत का?"

"येते."

"मग सांग बरं."

"बाया पायटं गेल्या ना, तवा त्यायले मालूम नोतं का तो उठला म्हनून. तो मेलाच हाये, असंच त्या समजत होत्या. तरी गेल्या."

पाळकसाहेब तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं गीत सुरू करायला सांगितलं. मागच्या रांगेत माझी आई उभी होती. ती गात नव्हती.

घरी आल्यावर आईनं कोंबडीचा रस्सा चुलीवर चढवला. चाळीस दिवसांनी घरात मसाल्याचा वास सुटला होता. बाबा उगाचच तीनदा स्वयंपाकघरात येऊन गेले. अंडी वाटायला आम्ही लेकरांना अंगणात बसवलं होतं. दाऊदभाऊ सलूला घेऊन आले. शांताबाई गेल्यापासून ते देवळात येत नव्हते; त्या पहाटेच्या उपासनेलाही मागे उभे राहिले एवढंच. नियमानं यायला त्यांना आणखी दोन-तीन वर्षं लागली. पण त्या सकाळी आमच्या अंगणात आले. सलूनं अंडं घेतलं, फ्रॉकच्या खिशात ठेवलं आणि सरळ आत चुलीपाशी गेली.

"सिस्टरबाई, बाबा म्हनते, माय मेली तवा तू तिच्यासंगं होती."

आईच्या हातातली पळी थांबली. मी दारात होते. मला वाटलं, आई आता काहीतरी काम काढेल, पेशंट आला म्हणेल. ती पळी घेऊन तशीच पाटावर बसली.

"होती," ती म्हणाली.

"काय म्हने ती?"

आईनं आधी दाऊदभाऊंकडे पाहिलं. ते उंबऱ्यावर टेकले होते. त्यांनी मान हलवली. मग आईनं सांगायला सुरुवात केली. जीप कशी होती, रस्ता किती खराब होता, शांताचं डोकं तिनं आपल्या मांडीवर कसं घेतलं होतं. शांता मधेच आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायची, धान घरात आलं का विचारायची. पुलावर तिनं पाणी मागितलं, आईनं बाटलीच्या झाकणानं थेंब थेंब पाजलं. दुखत होतं का? नाही, शेवटी शेवटी नाही. घाबरली होती का? थोडीशी, मग नाही. सलू एकेक विचारत होती आणि आई एकेकाचं उत्तर देत होती, जसं पेशंटला सांगते तसं, साधं. मग तिनं सलूकडे पाहिलं.

"तुहं नाव घेतलं. म्हने, सलूचे केस कोन विंचरन? मी म्हटलं, मी विंचरतो ना, तू काळजी नोको करू." आईचा आवाज पहिल्यांदा हलला. "असं म्हटलं मी तिले. अन् चार मयने झाले, मी तुह्या गल्लीत पाय नाई ठेवला. तुहं तोंड पाहून तिचं दिसायचं मले. जीप जरा लवकर भेटली असती, तर…"

"तुमीच तर होत्या तिच्यासंगं, सिस्टरबाई," दाऊदभाऊ उंबऱ्यावरून म्हणाले. "मी नोतो."

अंगणात लेकरं अंड्यावर अंडं आपटून कोणाचं फुटतं ते बघत होती. आईनं पळी खाली ठेवली, उठून हात धुतले, केशरी रंग काही निघाला नाही, आणि आतून फणी आणली. सलू तिच्यापुढे पाठ करून बसली. तिचे केस लांब होते आणि फार गुंतले होते. आईनं टोकापासून सुरुवात केली, एकेक बट सोडवत, दुखू नये म्हणून मुळाशी बोटांनी धरून. त्याला फार वेळ लागला. सलूनं मधेच खिशातलं अंडं काढलं, सोललं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं मागे हात करून आईला दिलं.

रस्सा तळाला लागला. वास आला तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी उठलं नाही. त्या दिवशी दाऊदभाऊ, सलू आणि आम्ही एका पंगतीत बसून तो करपलेला रस्साच भातावर घेतला, आणि बाबांनी दोनदा मागून घेतला.